बाहेरचे जेवण : ठाणे, कल्याण आणि डोंबिवली

ठाण्याच्या नौपाड्यातून किंवा डोंबिवलीच्या फडके रस्त्यावरून हिंडताना ज्या पाट्या दृष्टीस पडतात, त्यांत एक चूक इतकी सार्वत्रिक झाली आहे की तिला आता चूक म्हणावे की नाही, ह्याचाच संशय यावा. 'उपाहार' म्हणजे अल्प आहार, फराळ. 'उपहार' म्हणजे भेट, नजराणा. तथापि बहुतेक पाट्यांवर 'उपहारगृह' असेच रंगविलेले असते, आणि नजराणा कोणी कोणास द्यावयाचा हे बिल हाती पडल्यावर गिऱ्हाइकास आपोआप कळते. 'हॉटेल' हा शब्द इंग्रजीत मुक्कामाच्या जागेचा. आपल्याकडे तो दोन बाकडी व एक शेगडी एवढ्या संसारासही पुरतो. जुन्या पाट्यांवर 'विश्रांतिगृह' असेही असे, जरी चहाचा पेला रिकामा झाल्यावर तेथे विश्रांती घेत बसणाऱ्याकडे मालक प्रेमाने पाहत असे, असा कोणाचाच अनुभव नाही. अस्सल घरगुती शब्द काय तो 'खाणावळ'. एका साध्या गोष्टीस सरळ नाव देताना समाज इतका अडखळतो, तेव्हा त्या गोष्टीविषयी त्याच्या मनात काहीतरी संकोच असला पाहिजे. हा संकोच काय होता, तो ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात कसा सैल होत गेला आणि कोठे अद्याप सैल झालेला नाही, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

ही गावे आगगाडीने जन्मास घातलेली नव्हेत. कल्याण बंदराचा उल्लेख 'पेरिप्लस' ह्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. ठाणे तर शिलाहारांची राजधानी. इतकी वर्दळ असलेल्या ठिकाणी परक्या माणसाने जेवावे कोठे? ह्याचे उत्तर शतकानुशतके बहुतांशी एकच होते. धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओवरीत उतरावे, वाण्याकडून शिधा घ्यावा, तीन दगडांची चूल मांडून स्वतः रांधावे; नाहीतर ज्ञातीतले एखादे घर शोधून तेथे पान मांडून घ्यावे. बाजारात विकत मिळत ते चणे, चुरमुरे, गूळ, केळी, दूध आणि हलवायाची मिठाई. शिजविलेला भात विकणे हे हीनपणाचे, आणि तो विकत घेऊन खाणे त्याहून हीनपणाचे, अशी उच्चवर्णीयांची समजूत होती.

ह्या समजुतीच्या मुळाशी खरकट्याची कल्पना आहे. पाण्यात शिजलेल्या अन्नास विटाळ चटकन लागतो. तेला-तुपात तळलेल्या किंवा दुधात भिजविलेल्या पदार्थास तो तितक्या लवकर लागत नाही. प्रवासास निघणाऱ्याच्या फडक्यात दशम्या बांधून देत, त्या केवळ टिकतात म्हणून नव्हे. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळलेले असे, आणि म्हणून ती सोवळ्यालाही चाले. पुढे उपाहारगृहे निघाली तेव्हा त्यांत भजी, वडे, शेव, चिवडा ही मंडळी आधी का शिरली, आणि वरणभाताचे ताट मागाहून का आले, ह्याचे एक कारण आमच्या मते येथे सापडते. कढईला जी सवलत होती, ती पातेल्याला नव्हती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी आली. अंतर अवघे ३४ किलोमीटर. पुढील वर्षी, १ मे १८५४ रोजी, गाडी खाडी ओलांडून कल्याणास पोहोचली. १८६३ साली बोरघाट व १८६५ साली थळघाट खुला झाला, आणि पुण्याकडची व नाशिककडची अशा दोन वाटा जेथे फुटतात ते कल्याण एकाएकी सबंध हिंदुस्थानच्या रस्त्यावर आले. ह्या घटनेचे व्यापारी परिणाम पुष्कळांनी वर्णिले आहेत. आम्हांस येथे तिसऱ्या वर्गाच्या डब्यातील बाकाचे महत्त्व वाटते. त्या बाकावर कोणाच्या शेजारी कोण बसावे हे ठरविण्याचा अधिकार तिकिटाने काढून घेतला. बसण्यापुरती जात गेली. खाण्यापुरती मात्र ती फलाटावर उभीच होती. 'हिंदु पाणी' व 'मुसलमान पाणी' अशा वेगळ्या आरोळ्या, वेगळे पाणके, पुढे वेगळा चहा, हा प्रकार अनेक स्थानकांवर फाळणीच्या सुमारापर्यंत चालू होता. परक्या सरकारची एवढी मोठी यंत्रशक्ती डोंगर फोडून पलीकडे गेली, पण पाण्याच्या तांब्यापाशी तिने हात जोडले.

हा तांब्या किती नाजूक होता, ह्याची साक्ष ऑक्टोबर १८९० मधील पुण्याच्या चहाप्रकरणाने दिली. पंचहौद मिशनच्या एका समारंभास न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखी प्रतिष्ठित मंडळी गेली होती. पुढे चहा आणि बिस्किटे आली. कोणी प्याले, कोणी केवळ हातात घेतले, कोणी तसेच ठेवले. गोपाळराव जोशी ह्या विलक्षण गृहस्थांनी 'पुणेवैभव' पत्रात उपस्थितांची नावे छापून टाकली, आणि त्यावर शंकराचार्यांपर्यंत वाद गेला. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतले, आणि त्याबद्दल त्यांच्या सुधारक मित्रांनाच अधिक वाईट वाटले. त्या पेल्यातील चहा कसा होता, ह्याची चौकशी कोणीच केली नाही. तो कोणाच्या हातचा व कोणाच्या पंक्तीत, एवढाच प्रश्न होता. वाचकांनी हा प्रश्न ध्यानात ठेवावा, कारण पुढील साऱ्या इतिहासाचे कुलूप ह्याच किल्लीने उघडते.

खाणावळ ही ह्या प्रश्नावर काढलेली पहिली तोड. घरदार कोकणात किंवा देशावर ठेवून मुंबईस कारकुनी करणारा तरुण गिरगावच्या चाळीत एक खोली चौघांत घेई, आणि दोन वेळचे जेवण ज्ञातीच्या खाणावळीत महिनेवारीने जेवे. तेथे घराचीच नक्कल असे: पाट, ताट, आमटी, सणावारी गोड. रांधणारी पुष्कळदा एखादी विधवा. ज्या समाजाने तिला मंगलकार्यात मागे बसविले, त्याच समाजाचे विद्यार्थी व कारकून तिच्या हातचे खाऊन मोठे झाले. शिवणकाम, सुईणपण आणि स्वयंपाक ह्यांखेरीज तिला दुसरी वाट फारशी नव्हतीच. खाणावळीच्या आठवणी आपल्या वाङ्मयात पुष्कळ आहेत. त्या बहुतेक जेवणाऱ्यांच्या आहेत. पाण्यासारखी आमटी हा विनोदाचा ठरीव विषय होऊन बसला. ती आमटी पाण्यासारखी करण्यावाचून जिला गत्यंतर नव्हते तिचा जमाखर्च कोणी छापला नाही.

ठाणे हे जिल्ह्याचे ठाणे असल्यामुळे येथे दुसऱ्याच एका जातीचे भुकेले लोक गोळा होत, ते म्हणजे कज्जेदलाल, पक्षकार, साक्षीदार आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी आलेले शेतकरी. महिनेवारीची खाणावळ त्यांच्या उपयोगाची नव्हती. तारीख पुढे ढकलली गेली की अर्ध्या तासात काहीतरी तिखट व पोटभर खाऊन परतीची गाडी गाठावयाची, एवढीच त्यांची मागणी. १९४६ साली नरसिंह मुर्डेश्वर यांनी तहसील कचेरीच्या लगत जे लहानसे उपाहारगृह काढले, ते ह्या मागणीचे अपत्य होय. मालकाचे आडनाव कानडी किनाऱ्याचे, पदार्थ मराठी, आणि नाव सरकारी हुद्द्याचे: 'मामलेदार मिसळ'. महाराष्ट्रात पदार्थांना गावांची नावे मिळाली, माणसांची मिळाली. महसूल खात्यातील अधिकाऱ्याचे नाव मिळून ते लोकप्रिय झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही. तेथे तिखटाच्या पायऱ्या सांगून मिसळ मागावी लागते, आणि सर्वांत वरची पायरी मागणारा नवखा मनुष्य रुमाल काढतो तेव्हा शेजारचे अनोळखी गृहस्थही त्याच्याकडे पाहून ओळखीचे हसतात.

मिसळीच्या बशीत पाव असतो, आणि ठाण्याच्या बाबतीत ह्या पावाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत सुमारे दोन शतके हे गाव पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. त्यांनी आणलेल्या पावाविषयी वसई-ठाण्याच्या टापूत एक कथा सांगतात, ती अशी की विहिरीत पावाचा तुकडा टाकला की ते पाणी प्यालेले सारे गाव बाटले असे समजत. कथेत इतिहास किती हा प्रश्न निराळा. ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, एवढ्यावरून पावाची दहशत कळते. ज्या तुकड्याने गाव बाटत होते, त्याच तुकड्याने आज ते गाव रस्सा पुसून खाते. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला असे सांगतात, आणि त्यानंतर मध्य रेल्वेचे एकही स्थानक त्यावाचून राहिले नाही. ठाण्यात कुंजविहारचा भला थोरला वडापाव व गजानन वडापावाची पिवळी चटणी ह्यांचे पक्ष आहेत, आणि ते राजकीय पक्षांहून अधिक निष्ठावंत आहेत.

परंतु ह्या बाकड्यावर बसण्याचा हक्क सर्वांस प्रथमपासून होता असे कोणी समजू नये. 'ब्राह्मणांचे हॉटेल' अशी पाटी लावणे हे एके काळी स्वच्छतेचे प्रशस्तिपत्र मानले जाई. अस्पृश्यांस आत प्रवेशच नसे. खेड्यांतील चहाच्या दुकानाबाहेर त्यांच्यासाठी निराळे पेले टांगलेले असत, आणि ते त्यांनीच विसळून ठेवावयाचे. ह्या रीतीवरचा पहिला मोठा घाव कोल्हापुरास पडला. संस्थानच्या पागेत नोकरीस असलेले गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या हौदाचे पाणी घेतल्याबद्दल मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना भांडवल देऊन चहाचे दुकान घालून दिले. 'सत्यसुधारक' हे त्याचे नाव. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज आपली गाडी दुकानापुढे थांबवून स्वतः चहा मागवीत आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजीत. राजाने पाजलेला चहा नाकारण्याचे धैर्य सोवळ्यात नव्हते. पुण्याच्या चहाने प्रायश्चित्ते घ्यावयास लाविली, त्यानंतर तीसेक वर्षांनी कोल्हापुरात हा चहा निघाला. दोन्ही पेले शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

१९३३ साली रत्नागिरीस सावरकरांच्या चळवळीतून 'अखिल हिंदु उपाहारगृह' निघाले. तेथे जातीची विचारपूस नव्हती आणि पाऊल मोठे होते. मात्र पंक्तीची रेघ जातीवरून काढून धर्मावर आखली गेली होती, हे त्या नावातच दिसते. रेघ पुरती पुसली ती २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले ह्यांचा स्पष्ट नामनिर्देश आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्यांवरून तेथे कोणास अडविता येणार नाही. देशाच्या मूलभूत हक्कांच्या यादीत हॉटेलाने जागा मिळवावी, हे परदेशी अभ्यासकास कदाचित चमत्कारिक वाटेल. आपल्याकडील वाचकास वाटू नये. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने त्यामागे शिक्षेचे बळ उभे केले. तरीही आमचे मत असे की, कायद्याइतकेच काम गर्दीने केले. ठाणे-कल्याणच्या फलाटाबाहेर सकाळी आठ वाजता गल्ल्यावरच्या माणसाला गिऱ्हाइकाचे आडनाव विचारण्यास सवड नव्हती, हा त्या गिऱ्हाइकावर काळाने केलेला मोठा उपकार होता. खेड्यात जेथे प्रत्येकाचे आडनाव आधीच ठाऊक असे, तेथे तो उपकार पुष्कळ उशिरा पोहोचला.

घटनेपूर्वीच्या व नंतरच्या मध्यमवर्गास बाहेर खाण्याची सवय लावण्याचे श्रेय उडुपीकरांचे. माटुंग्यास ए. रामा नायक यांनी १९४२ साली श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. तेथून ही परंपरा गाडीच्या रुळांबरोबर उत्तरेस सरकत गेली. उडुपीच्या कृष्णमठाच्या पाकशाळेचे नाव पाठीशी असल्यामुळे सोवळ्या घरांनाही इडली-डोशाचे भय वाटले नाही. मठाचे पावित्र्य आणि काउंटरची त्वरा ह्यांची ती गोड तडजोड होती. आमच्या बालपणी, म्हणजे गेल्या शतकाच्या आठव्या दशकात, मध्यमवर्गीय कुटुंबाने हॉटेलात जाणे हा वार्षिक परीक्षेच्या निकालाचा विधी होता. एक मसाला डोसा दोघांत आणि कॉफी वडिलांस. आईस घेऊन जावयाचे तर 'फॅमिली रूम' गाठावी लागे. पातळ फळ्यांच्या त्या कप्प्यात पडदा सोडून बसलेल्या बायका आपण जणू काही गुन्हा करीत आहोत अशा घाईने खात. राज्यघटनेने लिंगभेदाची आडकाठी काढून पंचवीस वर्षे झाली होती. फळी अजून उभी होती.

मराठी मनुष्यास हॉटेल चालविता येत नाही, असा एक जुना आक्षेप आहे. आक्षेप घेणाऱ्यांनी कल्याणास जाऊन 'खिडकी वडा' पाहावा. घराच्या खिडकीतून वडा देण्याची ही युक्ती कोणा चतुर व्यापाऱ्याची म्हणून स्तुती होते. आम्हांस ती मराठी स्वभावाचे चित्रच वाटते. घर सोडावयाचे नाही, दार उघडावयाचे नाही, आणि तरी गावाला खाऊ घालावयाचे. त्याच कल्याणच्या दुसऱ्या बाजूस ज्यांची दारे, खिडक्या व घरे सर्वच सुटली होती, असे लोक १९४७ नंतर आले. युद्धकाळातील लष्करी छावणीत, 'कल्याण कँप'मध्ये, सिंधी निर्वासितांची वस्ती झाली; ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले. ज्यांच्यापाशी जमीन नाही, भांडवल नाही, ते बहुधा शिजवून विकतात. सकाळच्या वेळी कुरकुरीत पकवान व त्यावर हरभऱ्याच्या डाळीचे पातळसर वरण, म्हणजेच दालपकवान, हे त्या निर्वासितपणाचे अन्न. आज कल्याणचा मनुष्य रविवारी ते हौसेने खावयास जातो, आणि आपण एका फाळणीची चव घेत आहोत हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

आता डोंबिवलीकडे वळू. गिरगाव-दादरच्या चाळींतून जागेच्या शोधात निघालेला पांढरपेशा मराठी संसार येथे स्थिरावला. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात आहे. ह्या शहरात पुरुषांइतक्याच तत्परतेने स्त्रियाही सकाळची गाडी पकडतात, आणि संध्याकाळी तासा-दीड तासाचा उभ्याने प्रवास करून उतरतात. त्यांच्यासाठी स्थानकाच्या बाहेर जी संस्था उभी राहिली तिचे नाव 'पोळी-भाजी केंद्र'. दहा पोळ्या, पावशेर भाजी, कधी उकडीचे मोदक, श्रावणात पुरणपोळी. बाहेर जाऊन जेवणे येथे झालेच नाही. बाहेरचे अन्न घरात येऊन घरचे झाले. डब्यातून ताटात वाढले की ते कोणाच्या हातचे, हे पाहुण्यांस सांगण्याचीही गरज उरली नाही. १८९० च्या प्रश्नाचे याहून शांत उत्तर दुसरे कोणते देता आले असते?

परंतु त्या पोळ्या कोणीतरी लाटतेच. केंद्राच्या मागल्या खोलीत तव्यापुढे बसलेल्या बायकांची मजुरी बहुधा नगावर असते, आणि त्या स्वतः घरी जाऊन पुन्हा पोळ्याच करतात. खाणावळीतील विधवेचा जमाखर्च छापला गेला नाही असे आम्ही वर म्हटले. येथेही तो छापला जात नाही. मुंबईत हे एकदा घडले होते. गिरणगावात कामगारांचे डबे करणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या पाहून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापिले, आणि ज्यांना बँकेच्या पायरीवर कोणी उभे करीत नव्हते त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. स्वयंपाक हे कौशल्य आहे व त्यावर पतपुरवठा होऊ शकतो, हे बँकेस पटवून द्यावे लागले. डोंबिवली-ठाण्याच्या पोळी लाटणाऱ्या बायकांसाठी त्या तोडीचे काही होईल काय, हा आमच्या दृष्टीने ह्या शहरांच्या खाद्यसंस्कृतीतला सर्वांत निकडीचा प्रश्न आहे. घोडबंदर रस्त्यावर कोणत्या देशाचे नवे उपाहारगृह निघाले हा नव्हे.

तशी ती निघालीच आहेत, आणि पुष्कळ चांगली आहेत. चिनी, इटालियन, अरबी, मालवणी, वऱ्हाडी, सारे एका मजल्यावर मिळते. पडद्याचा कप्पा गेला. मुलींचे घोळके रात्री दहा वाजता निर्धास्त जेवताना दिसतात, आणि हे दृश्य पाहून ज्यांच्या कपाळास आठी पडते त्यांनी त्या फळीमागे बसलेल्या आपल्या आईची आठवण करावी. २६ जानेवारी २०२० पासून सरकारने दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली. दोनच महिन्यांनी साथीमुळे सारी उपाहारगृहे मिटली, आणि तीच थाळी कित्येकांचे एकमेव जेवण ठरली. ज्यांची ऐपत होती त्यांच्या घरी जेवण दुचाकीवरून येऊ लागले. २०१४ साली निघालेल्या स्विगीने व पाठोपाठ झोमॅटोने ही सोय आधीच लाविली होती. साथीने तिची सवय केली. ॲपवर अन्न आणणाऱ्याचे नाव दिसते, तो कोणत्या वळणावर आहे हेही दिसते. इमारतीशी पोहोचल्यावर मात्र कित्येक शहरांतील गृहनिर्माण संस्थांनी त्याच्यासाठी पाटी लावून ठेवलेली असते: मुख्य लिफ्ट रहिवाशांकरिता, सामान पोहोचविणाऱ्यांनी मागील लिफ्ट किंवा जिना वापरावा. सातव्या मजल्यावरचे दार उघडते, पिशवी आत जाते, आणि तो जिन्याने खाली उतरून पुढच्या पत्त्याकडे वळतो.